घाटमाथ्यावरून समुद्राचा प्रकल्प : वाचकांचे प्रश्न

सागरी आणि उष्णकटिबंधीय पर्यावरणाच्या संशोधनाला सरकारी निधी कसा मिळतो, यावर सातारा-सांगलीतून बरीच पत्रे आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून निवडक उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमचे महाविद्यालय कराडला. समुद्र घाटाखाली. सागरी संशोधनाच्या निधीसाठी आम्ही अर्ज केला तर कुणी दारात तरी उभे करील का?
— प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिका, कराड

उत्तर : करील, पण विषय बघून. ‘अरबी समुद्रातील प्लवकांची विविधता’ असे शीर्षक घेऊन गेलात तर समिती विचारणार, हे काम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने का करू नये? १९६६ पासूनची ती संस्था, स्वतःचे संशोधन जहाज असलेली. तिच्याशी त्याच मैदानात स्पर्धा करण्यात अर्थ नाही.

कराडकडे दुसऱ्या कुणाकडे नसलेली एक गोष्ट आहे. प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळणारी कोयना पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाते. पण धरणात अडवलेल्या तिच्या पाण्याचा मोठा हिस्सा बोगद्यांतून पोफळीकडे उतरतो, वीज करतो, कोळकेवाडीतून पुढे वाशिष्ठीत पडतो आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतो. कृष्णा पाणीवाटप लवादाच्या निवाड्यात पश्चिमेकडे वळवायच्या या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे. एक टीएमसी म्हणजे सुमारे २.८३ कोटी घनमीटर; म्हणजे जवळपास १९१ कोटी घनमीटर गोडे पाणी अशा खाडीत जाते, जिथे निसर्गतः ते गेले नसते. तेही फक्त पावसाळ्यात नव्हे. कोकणातल्या इतर खाड्या उन्हाळ्यात खारट होत वर वर सरकतात, तेव्हाही इथे अवजल, म्हणजे वीज करून सोडलेले पाणी, येतच असते.

यातून निघणारा प्रश्न असा मांडा : मार्च ते मे या काळात वीजनिर्मितीच्या वेळापत्रकानुसार वाशिष्ठी खाडीची क्षारता किती हलते, आणि त्याचा कालवे, तिसऱ्या हे शिंपले आणि माशांची पिल्ले यांच्यावर काय परिणाम होतो? इथे ‘तुम्हीच का?’ याचे उत्तर शीर्षकातच आहे. कुंभार्ली घाट उतरला की तुम्ही चिपळुणात पोहोचता, आणि धरणाची बाजू तर तुमच्याच अंगणात.

मात्र एकट्याने अर्ज करू नका. खाडीवर काम केलेला सहसंशोधक हवा. रत्नागिरीजवळ शिरगावला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय आहे. रत्नागिरीतच त्याच विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. सहसंशोधकाचे नुसते नाव लिहिणे समितीला लगेच कळते. कोणता नमुना कोण घेणार, कोणते विश्लेषण कुठे होणार आणि निधीचा किती वाटा कुठल्या संस्थेकडे जाणार, हे प्रस्तावातच लिहा. अवजलाच्या विसर्गाची दैनंदिन नोंद मिळण्यासाठी जलसंपदा विभाग आणि महानिर्मितीकडे अर्ज करण्यापूर्वीच पत्र द्या आणि त्याची पोच जोडा. ही नोंद मिळाली नाही तर सगळा अभ्यास लंगडा पडेल. समितीही नेमके तिथेच बोट ठेवेल.

आणखी एक बाब, जी लोक शेवटच्या क्षणी बघतात : मुख्य संशोधकाची निवृत्ती प्रकल्पाच्या मुदतीआधी येत असेल तर बहुतेक योजनांत अर्ज मागे पडतो. तेव्हा तरुण सहकाऱ्याला मुख्य करा आणि स्वतः सहसंशोधक राहा. मान कमी होत नाही.

प्रश्न : चार-चार हजार कोटींच्या सागरी योजनांच्या बातम्या वाचतो. एवढा पैसा जातो कुठे? आमच्यासारख्या जिल्ह्याला त्यातले काय?
— निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : दोन आकडे वेगळे ठेवा. खोल समुद्र मोहिमेला जून २०२१ मध्ये पाच वर्षांसाठी ४,०७७ कोटी रुपये मंजूर झाले. तीन माणसांना ६,००० मीटर खोल नेणारी मत्स्य-६००० ही पाणबुडी त्यातलीच. ती चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था बनवते. दुसरी योजना ‘पृथ्वी’. जानेवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने तिला २०२१ ते २०२६ या काळासाठी ४,७९७ कोटी रुपये दिले आणि हवामान, महासागर, ध्रुवीय प्रदेश, भूकंप व भूविज्ञान, आणि संशोधन-प्रशिक्षण अशा पाच जुन्या योजना तिच्याखाली आणल्या.

यातला मोठा हिस्सा पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या स्वतःच्या संस्था, जहाजे, तरंगती निरीक्षण यंत्रे, अंटार्क्टिकावरची मैत्री आणि भारती ही केंद्रे, महासंगणक यांवर खर्च होतो. बाहेरच्या महाविद्यालयांना खुला असतो तो पाचव्या, संशोधन-प्रशिक्षणाच्या घटकातला तुकडा. त्यामुळे ४,७९७ कोटी बघून अर्जाचा आकडा फुगवण्यात शहाणपण नाही.

जिल्ह्याला काय, हे विचारलेत ते बरे केलेत. महाबळेश्वरला २०१२ पासून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. अरबी समुद्रावरून आलेला पावसाळी ढग तिथे अक्षरशः खिडकीतून आत येतो, म्हणून ती जागा निवडलेली. कराडला याच मंत्रालयाची भूभौतिकी प्रयोगशाळा आहे. १९६७ च्या कोयना भूकंपाचा प्रदेश खोल विंधनविवरांतून समजून घेण्यासाठी. दोन्ही ठिकाणचा खर्च याच मंत्रालयाच्या निधीतून होतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या लघुप्रबंधासाठी विभागप्रमुखांच्या पत्रानिशी या संस्थांकडे विचारणा केल्यास उपयोग होतो. सहलीचे पत्र पाठवले तर सहलीचेच उत्तर येते.

प्रश्न : ‘अंदाजपत्रकाला आधार नाही’ एवढाच शेरा मारून आमचा प्रस्ताव परत आला. आधार म्हणजे नेमके काय लिहायचे?
— पर्यावरणशास्त्राचे प्राध्यापक, वाळवा तालुका

उत्तर : प्रत्येक रकमेमागे गुणाकार दिसला पाहिजे. वरच्याच खाडीच्या विषयावर करून दाखवतो.

आधी मनुष्यबळ. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या २०२३ च्या सुधारणेनंतर कनिष्ठ संशोधन अधिछात्राला महिना ३७,००० आणि वरिष्ठाला ४२,००० रुपये. तीन वर्षांच्या प्रकल्पात पहिली दोन वर्षे कनिष्ठ, तिसरे वरिष्ठ : ८,८८,००० अधिक ५,०४,००० म्हणजे १३,९२,०००. त्यावर घरभाडे शहराच्या वर्गानुसार. सगळ्यात खालच्या वर्गाचे १० टक्के धरले तर १,३९,२००. एकूण १५,३१,२००. हे दर नेट किंवा गेट झालेल्यांसाठी आहेत. ग्रामीण महाविद्यालयात तसा उमेदवार मिळत नाही आणि जागा वर्षभर रिकामी राहते, हा नेहमीचा अनुभव. म्हणून जाहिरातीत पात्रता ‘नेट/गेट, अन्यथा प्रकल्प सहायक त्या पदाच्या दराने’ अशी ठेवता येईल का, हे मंजुरीपूर्वीच निधी देणाऱ्या कार्यालयाला विचारून घ्या.

मग रसायने आणि उपभोग्य वस्तू. इथे बहुतेक जण ‘वर्षाला २ लाख’ असा गोल आकडा टाकतात आणि तिथेच शेरा येतो. त्याऐवजी नमुने मोजा. खाडीत ६ ठिकाणे, प्रत्येक ठिकाणी भरती आणि ओहोटी असे २ नमुने, वर्षात ८ फेऱ्या : ९६. प्रत्येकाचा जोडनमुना, म्हणजे त्याच वेळी घेतलेला दुसरा नमुना, धरून १९२, दोन वर्षांचे ३८४. हरितद्रव्य मोजायला प्रत्येक नमुन्यासाठी काचतंतूंचा एक गाळणकागद. त्यात १० टक्के कोरे नमुने (बाहेरची भेसळ ओळखण्यासाठीचे) मिळवले की साधारण ४२२. म्हणजे शंभराचे पाच खोके. याच गणिताने विरघळलेला प्राणवायू मोजण्याच्या विंकलर पद्धतीची दोन्ही द्रावणे, १२५ मिलिलिटरच्या बाटल्या, ॲसिटोन. असा तक्ता लिहिला की रक्कम कमी करायला समितीला जागाच उरत नाही.

यंत्रांच्या बाबतीत एक जुनी सवय अजून नडते. संशोधन संस्थांना यंत्रांवर ५ टक्के जीएसटीची सवलत होती, ती १८ जुलै २०२२ पासून गेली. तरी जुन्या प्रस्तावातून उचललेला ५ टक्क्यांचा हिशेब आजही दिसतो. समजा यंत्राची मूळ किंमत ४ लाख. १८ टक्क्यांनी कर ७२,००० होतो, ५ टक्क्यांनी २०,०००. मधले ५२,००० रुपये मंजुरीनंतर कुणीही देत नाही, आणि मग मापकाचे सुटे संवेदक घेतले जात नाहीत. क्षारतेचा आणि विरघळलेल्या प्राणवायूचा संवेदक खाऱ्या पाण्यात लवकर खराब होतो; किमान एक जादा संच यंत्राबरोबरच मागा. कंपन्यांची तीन दरपत्रके कर, वाहतूक आणि जोडणी धरून मागवा.

प्रवासात होडीचे भाडे स्वतंत्र ओळीत दाखवा. ‘किरकोळ’मध्ये लपवलेत तर लेखापरीक्षणात अडकते. महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै समुद्रात मासेमारी बंद असते. आतल्या खाडीत बिगरयांत्रिक होडी मिळते, पण मुखाशी पावसाळ्यात जाणे धोक्याचे. म्हणून ८ फेऱ्यांचे वेळापत्रक देताना जून-जुलै खाडीच्या वरच्या ठिकाणांपुरते ठेवा आणि तसे कारण लिहा. उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या) आणि भांगाच्या (अष्टमीच्या लहान) भरतीला क्षारता वेगवेगळी मिळते. एक फेरी अमावास्येला आणि पुढची अष्टमीला केली तर दोन महिन्यांची तुलना फसते. सगळ्या फेऱ्या उधाणाला, किंवा दर महिन्याला दोन्ही वेळा. होड्यांचा खर्च मग दुप्पट होईल, पण तो आधीच दाखवा.

प्रश्न : सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेतील सूक्ष्मप्लास्टिक मोजून ते समुद्रात किती जाते हे काढायचे आहे. निधी मिळेल का, आणि पद्धत कोणती?
— एम.एस्सी. विद्यार्थी, सांगली

उत्तर : निम्मा प्रश्न चांगला आहे, निम्मा सोडून द्या. सांगली आणि समुद्र यांच्यामध्ये अलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर आणि विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा आहेत. गाळ जसा तिथे बसतो, तसे जड प्लास्टिकही बसते. सांगलीच्या एका पुलावरच्या मोजणीतून बंगालच्या उपसागराचा आकडा काढता येत नाही. काढलात तर जाणकार परीक्षक पहिल्या पानावरच थांबेल. ‘पुरात आणि उन्हाळ्यात नदीतून वाहणारे सूक्ष्मप्लास्टिक किती बदलते’ एवढेच ठेवा. २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्या शहराला तो प्रश्न लागूही पडतो.

पद्धत अशी. ३३३ मायक्रॉन छिद्रांचे जाळे, तोंड समजा ६० सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर उंच, म्हणजे ०.१२ चौरस मीटर. प्रवाह सेकंदाला अर्धा मीटर असेल तर १५ मिनिटांत ४५० मीटर पाणी जाळ्यातून जाते : ५४ घनमीटर. जाळे अर्धेच बुडाले असेल तर २७. हे बुडणे नोंदवले नाही तर निकाल थेट दुपटीने चुकतो. जाळ्याच्या तोंडाशी प्रवाहमापक हवाच. पुलावरून लाकडाचा तुकडा टाकून काढलेला वेग चालत नाही. पुराच्या पाण्यात जाळे गाळाने आणि जलपर्णीने तुंबते, मग पाणी बाजूने निघून जाते. तेव्हा वेळ ५ मिनिटांवर आणा आणि नमुन्यांची संख्या वाढवा.

प्रयोगशाळेत सेंद्रिय कचरा ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि लोहक्षाराच्या द्रावणाने विरघळवतात. ७५ अंश सेल्सिअसच्या आसपास हे मिश्रण एकदम उसळते. मोठे चंचुपात्र, धूर खेचणारे कपाट आणि बाजूला गार पाणी ठेवल्याशिवाय हात घालू नका. पुढे बहुतेक जण संपृक्त मिठाच्या पाण्यात प्लास्टिक तरंगवतात. त्याची घनता सुमारे १.२. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलिन, पॉलिस्टायरिन वर येतात. पण पाण्याच्या बाटल्यांचे पीईटी १.३८ आणि पीव्हीसी १.४ च्या आसपास, ते तळाशीच राहते. नदीच्या गाळात बाटल्यांचे प्लास्टिक सापडलेच नाही असा निष्कर्ष वाचलात, तर आधी द्रावण कोणते होते ते बघा. झिंक क्लोराइडच्या दाट द्रावणात तेही तरंगते; मात्र ते त्वचेला घातक आहे आणि सांडपाण्यात ओतायचे नाही, त्याची विल्हेवाट खर्चात धरा.

अंगात सुती कपडे. नमुन्यांच्या प्रत्येक तुकडीबरोबर एक कोरा नमुना आणि टेबलावर उघडी काचेची बशी. बशीत पडलेले धागे मोजून वजा केले नाहीत तर तुमच्याच टी-शर्टचे पॉलिस्टर कृष्णेच्या नावावर जाते.

सूक्ष्मदर्शकाखाली दिसला तो कण प्लास्टिकचाच, असे धरू नका. निदान काही कणांची अवरक्त वर्णपटाने खात्री हवी. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या सामायिक सुविधा केंद्रात शुल्क भरून नमुने देता येतात. केंद्र सरकारच्या आय-स्टेम संकेतस्थळावर देशभरातली अशी यंत्रे शोधता येतात. निधी म्हणाल, तर विद्यार्थ्याला स्वतःच्या नावाने प्रकल्प मिळत नाही. तो मार्गदर्शकाच्या नावाने येतो. तोवर जाळे, पेरॉक्साइड आणि शुल्क एवढा छोटा खर्च महाविद्यालयाच्या संशोधन निधीतून मागा. वर्षभराची ही नोंद हाताशी असेल तर पुढच्या मोठ्या प्रस्तावात ‘प्राथमिक निष्कर्ष’ हा रकाना मोकळा राहणार नाही.

प्रश्न : प्रकल्पाचा पहिला हप्ता फेब्रुवारीत आला. ३१ मार्चपर्यंत खर्च झाला नाही तर परत जातो म्हणतात. खरे का?
— महाविद्यालयाचे लेखापाल, मिरज

उत्तर : पैसे कोणत्या पद्धतीने आले त्यावर आहे. आता केंद्राच्या बऱ्याच योजनांत तुमच्या खात्यात रक्कम येतच नाही. शून्य शिलकीच्या खात्याला खर्चाची मर्यादा दिली जाते आणि बिल आले की वरून पैसे सुटतात. ती मर्यादा ३१ मार्चला संपते. पुढच्या वर्षी ती नव्याने मागावी लागते, आणि एप्रिल ते जुलै हा काळ बहुधा कोरडा जातो. संशोधक विद्यार्थ्याला तीन महिने मानधन न मिळण्याचे हे मुख्य कारण. संस्थेने तेवढी रक्कम स्वतःच्या निधीतून उसनी द्यायची आणि मर्यादा आली की वळती करायची, असा व्यवस्थापनाचा ठराव सुरुवातीलाच करून घ्या.

जुन्या पद्धतीने खात्यात रक्कम जमा झाली असेल तर शिल्लक पुढे नेण्याची परवानगी मागता येते. उपयोगिता प्रमाणपत्र वित्तीय नियमावलीच्या १२-अ नमुन्यात, आणि त्यासोबत शीर्षनिहाय खर्चपत्रक. दोन ठिकाणी फाइल हमखास अडते. पुरवठादाराला दिलेली आगाऊ रक्कम खर्च म्हणून दाखवणे, हे एक. माल येऊन साठा नोंदवहीत चढल्याशिवाय तो खर्च धरत नाहीत. आणि खात्यावरचे व्याज : ते प्रकल्पाचे नाही. ते सरकारच्या संचित निधीत, भारतकोश संकेतस्थळावरून भरायचे आणि पावती जोडायची. त्या व्याजातून प्रिंटरची शाई आणली की पुढचा हप्ता थांबला म्हणून समजा.

खरेदी सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरून. वस्तू तिथे नसेल तर तसा उपलब्धता अहवाल काढून फाइलला लावा आणि मगच बाहेरून घ्या. प्लवकांचे जाळे, नमुना घेण्याची विशेष बाटली अशा वस्तू बऱ्याचदा तिथे नसतात, तेव्हा हा अहवाल हप्ता येण्याआधीच काढून ठेवलेला बरा.

सप्टेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेनंतर १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ३५ खाली अधिसूचित असलेली विद्यापीठे, महाविद्यालये आणि संस्थांना सरकारी किंवा खासगी अनुदानातून होणाऱ्या संशोधनावर जीएसटी लागत नाही. अनुदानावर १८ टक्के कर भरा असा कुणी सल्ला दिला तर हे दाखवा.

प्रश्न : आमची नोंदणीकृत पर्यावरण संस्था आहे. आम्हाला थेट निधी मिळेल का?
— वाई

उत्तर : मिळू शकतो. निती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, सरकारी निधीवाटपाच्या पीएफएमएस प्रणालीतली नोंदणी आणि तीन वर्षांचे तपासलेले हिशेब आधी हवेत. शुद्ध संशोधनासाठी बहुतेक ठिकाणी वैज्ञानिक संशोधन संस्था म्हणून केंद्राची मान्यता मागतात आणि ती प्रयोगशाळेविना अवघड. त्यापेक्षा महाविद्यालयाच्या प्रकल्पात भागीदार होऊन गावपातळीची नोंद, मच्छीमारांच्या मुलाखती, पाणीतपासणी हे काम घ्या. परदेशी देणगीतून हेच करायचे तर परकीय अंशदान कायद्याची नोंदणी आणि दिल्लीच्या ठरलेल्या शाखेतले खाते लागते. ते नसताना छोटी रक्कमही घेऊ नका.

प्रश्न : परवानग्या कोणकोणत्या?
— संशोधक, सातारा

उत्तर : कोयना अभयारण्य किंवा चांदोली राष्ट्रीय उद्यानात पाऊल टाकायचे तर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या कोल्हापूर कार्यालयामार्फत नागपूरच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे अर्ज. पावसाळ्यातले बेडूक किंवा खेकडे अभ्यासायचे असतील तर जानेवारीतच द्या; जूनमध्ये दिलेला अर्ज पुढच्या पावसाळ्याला उपयोगी पडेल. खाडीकाठी कांदळवनात जायचे तर कांदळवन कक्षाला पत्र. प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्रकाकडी हे वन्यजीव कायद्याच्या संरक्षणात आहेत. मेलेला तुकडा उचलायलाही स्वतंत्र परवाना लागतो, आणि ‘किनाऱ्यावर पडलेला होता’ हे कारण चालत नाही.

नमुने परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचे असतील तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची वाट आधी धरावी लागते. जनुकक्रम वाचून देणाऱ्या प्रयोगशाळा देशातही आहेत, तेव्हा बाहेर पाठवण्याची गरज खरेच आहे का ते तपासा. नवी किंवा शंकास्पद जात सापडली तर नमुना पुण्यात आकुर्डीच्या प्राणी सर्वेक्षण केंद्रात जमा करून क्रमांक घ्या. क्रमांकाशिवाय लेख परत येतो.

प्रश्न : मुलगी बी.एस्सी.ला आहे, समुद्रविज्ञान करायचे म्हणते. खर्च झेपेल का?
— पालक, तासगाव

उत्तर : पीएच.डी.पर्यंत पोहोचली तर खर्च तिचा नसतो. सीएसआयआर-नेटमध्ये पृथ्वी, वातावरण, महासागर व ग्रहविज्ञान असा स्वतंत्र पेपर आहे. जीवशास्त्राची असेल तर जीवविज्ञानाच्या पेपरनेही गोव्याच्या संस्थेत जाता येते. अधिछात्रवृत्ती वर दिलेल्या दरानेच, महिना ३७,०००. राज्यात सारथी, बार्टी आणि महाज्योती या सरकारी संस्थांच्या पीएच.डी. अधिछात्रवृत्त्या आपापल्या प्रवर्गासाठी आहेत. उन्हाळ्यात देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दोन महिन्यांची विद्यार्थी छात्रवृत्ती देतात. अर्ज हिवाळ्यात सुटतात, त्यामुळे नोव्हेंबरपासून लक्ष ठेवायला सांगा.

तोवर घरी बसून करण्यासारखे काम आहे आणि ते फुकट आहे. जगभरच्या समुद्रांत सुमारे ४,००० आर्गो तरंगके (स्वयंचलित तरंगती यंत्रे) दर दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत खाली जाऊन तापमान आणि क्षारता मोजतात. हिंदी महासागरातली त्यांची माहिती हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेच्या संकेतस्थळावर मिळते. तिच्या जोडीला पुण्याच्या हवामान विभागाची पावसाची नोंद घेऊन एखाद्या वर्षाच्या जूनचा आलेख काढायला सांगा. संगणकाची पायथन भाषा त्यातच शिकून होते, आणि मुलाखतीला जाताना ती फाइल सोबत असू द्या.